बीडच्या धुळीत कार डिटेलिंगचा धंदा: जो रंग वाचवेल तोच टिकेल



आपल्या जिल्ह्यात गेवराईपासून अंबाजोगाईपर्यंत कुठल्याही मोठ्या रस्त्याला लागा, दर थोड्या अंतरावर एक वॉशिंग सेंटर दिसतंच. पत्र्याचं शेड, एक रॅम्प, एक मोटर आणि दोन पोरं. गाडी आली की पाण्याचा फवारा, फेस, फडकं, झालं. आता याच रस्त्यांवर ‘सिरॅमिक’, ‘ग्राफिन’, ‘पीपीएफ’ असे बोर्डही दिसायला लागलेत. बोर्ड बघून बरेच तरुण विचारतात, “सर, यात पैसा आहे का? आपल्याकडे चालेल का?”

चालेल. पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. या धंद्यात पुण्याची नक्कल करून इथे चालत नाही. आपली धूळ वेगळी, आपलं पाणी वेगळं, आपलं ऊन वेगळं. गाडी चमकवून देणारे खूप आहेत. बीडच्या धुळीत, बीडच्या बोअरच्या पाण्यात गाडीचा रंग दहा वर्षं टिकवून देणारा माणूस मात्र शोधावा लागतो. तो माणूस तुम्ही व्हायचं आहे. कसं, ते आज नीट समजून घेऊ.

आधी रंगाचा हिशोब समजून घ्या

गाडीचा रंग म्हणजे एकच थर नसतो. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. डेंटिंग-पेंटिंगवाले त्यालाच लॅकर म्हणतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. आता एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या थरावर गाडीची सगळी चमक आणि सगळं संरक्षण उभं आहे, तो थर तुमच्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ आहे!

आता रबिंग म्हणजे काय? ओरखडा दिसतो म्हणजे क्लिअर कोटमध्ये बारीक खाच पडलेली असते. मशीनने रबिंग करताना आपण ती खाच भरत नाही. आजूबाजूचा थर घासून खाचेच्या पातळीला आणतो. म्हणून ती दिसेनाशी होते. जोरदार रबिंगमध्ये दर वेळी काही मायक्रॉन जातात, हलक्या पॉलिशमध्ये त्याहून कमी. पण जातात हे नक्की.

याला मी बँकेच्या अशा खात्याची उपमा देतो, ज्यात पैसे फक्त काढता येतात, भरता येत नाहीत. सुरुवातीची शिल्लक ४० मायक्रॉन. एकाने दसऱ्याला रबिंग केलं, दुसऱ्याने पाडव्याला केलं, तिसऱ्याने ‘सर्व्हिसिंगवर पॉलिश फ्री’ म्हणून केलं. गाडी दर वेळी मस्त चमकली, मालक खूश झाला. आणि चार-पाच वर्षांनी छतावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे आले, लॅकर पापुद्र्यासारखा सुटायला लागला. मग पुन्हा पेंटिंगशिवाय इलाज नाही.

म्हणून डिटेलिंग करणाऱ्याची पहिली जबाबदारी ही, की मशीन हातात घेण्याआधी शिल्लक मोजायची. त्यासाठी पेंटची जाडी मोजणारं छोटं मीटर मिळतं, साधं मीटर काही हजारांत येतं. प्रत्येक पॅनलवर चार-पाच ठिकाणी टेकवायचं आणि आकडे लिहायचे. ११० ते १४० च्या आसपास आलं तर बहुतेक कंपनीचा रंग. एका दारावर अचानक २५० आलं तर ते दार पुन्हा रंगवलेलं. ८००-१००० च्या पुढे गेलं तर खाली पुट्टी आहे. ७०-८० आलं तर मात्र मशीन बाजूला ठेवा. हे मीटर फक्त धातूवर चालतं, प्लास्टिकच्या बंपरवर नाही, हे लक्षात असू द्या.

आणि ग्राहकाला सांगा, “भाऊ, इथे रबिंग करू नका, थर कमी राहिलाय. मी हलकं पॉलिश करून वरून संरक्षण देतो.” काम नाकारून तुमचे दोन हजार गेले असं वाटेल. पण तो माणूस हे दहा जणांना सांगतो. बीडसारख्या शहरात जाहिरातीपेक्षा ही गोष्ट लवकर पसरते.

आपल्या जिल्ह्यात रंगाला काय काय त्रास आहे?

पुस्तकात लिहिलेले त्रास सोडा. आपल्याकडचे बघा.

धूळ. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक पूड, रस्त्याच्या कामांची खडी, क्रशरची भुकटी. ही भुकटी बेसाल्टची असते, लॅकरपेक्षा कितीतरी कठीण. सकाळी गाडी काढताना मालक कोरड्या फडक्याने बॉनेट पुसतो ना, तेव्हा तो गाडी पुसत नसतो, पॉलिश पेपर फिरवत असतो. उन्हात गाडीवर दिसणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा बहुतेक वेळा अशाच आलेल्या असतात.

राख. परळी परिसरात औष्णिक वीज केंद्राची राख ही रोजची गोष्ट. वीटभट्ट्यांना, बांधकामाला राख नेणारे ट्रक रस्त्यावर असतात. ही राख पावडरसारखी मऊ लागते. पण तिच्यात मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असतं, म्हणजे ती घासणारीच वस्तू. परळीत धंदा करणार असाल तर ‘हात लावण्याआधी फक्त पाण्याने धुणं’ हा तुमचा पहिला नियम.

ऊन. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हवेपेक्षा खूप जास्त तापतो. तापलेल्या पत्र्यावर पक्ष्याची विष्ठा पडली, की लॅकर मऊ झालेला असल्याने डाग आत बसतो. लिंबाखाली, चिंचेखाली लावलेल्या गाडीवर झाडाचा चिकट रस पडतो. दोन्ही गोष्टी त्याच दिवशी ओल्या मऊ कपड्याने उचलायच्या, घासायच्या नाहीत.

कुंकू आणि गुलाल. हे कुठल्याच परदेशी व्हिडिओत सांगत नाहीत! दसऱ्याला, लक्ष्मीपूजनाला बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढतात, हार चिकटपट्टीने लावतात. हल्लीच्या कुंकवात रंग असतो. पांढऱ्या गाडीवर ते दिवसभर उन्हात राहिलं तर गुलाबी छटा मागे राहते. मिरवणुकीतून आलेल्या गाडीवरचा गुलाल तर कोरडा कधीच पुसू नये. आधी फुंकणीने किंवा पाण्याने उडवायचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘पूजेनंतरचा वॉश’ अशी साधी ऑफर ठेवा. आपल्या माणसाला ती लगेच कळते.

दगड. धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग ५२ आपल्या गेवराई, बीडवरून जातो. मोठ्या वेगात पुढच्या गाडीच्या चाकातून उडालेला खडा बॉनेटवर टिकली उडवतो. आणि गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉलीला ओलांडताना बाहेर आलेला ऊस दारावर ओरखडा काढतो, तो वेगळाच.

सगळ्यात मोठा प्रश्न: पाणी

टीडीएस म्हटलं की आपल्याला इन्कम टॅक्स आठवतो. आपल्या धंद्यातला टीडीएस वेगळा. पाण्यात विरघळलेले क्षार किती आहेत, ते सांगणारा हा आकडा. मीटर काहीशे रुपयांत मिळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंतचा टीडीएस चांगला मानला आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आपल्याकडच्या अनेक बोअरचं पाणी किती जड आहे, हे घरातल्या बादलीवरचा पांढरा थरच सांगतो.

हिशोब सोपा आहे. १००० टीडीएस म्हणजे एक लिटर पाण्यात साधारण एक ग्रॅम क्षार. धुतल्यानंतर गाडीवर पाव लिटर पाणी राहिलं आणि उन्हात वाळलं, तर पाव ग्रॅम क्षार थेंबाथेंबाच्या आकारात तुमच्या काळ्या गाडीवर चिकटून राहिले. हेच ते पांढरे गोल डाग. दोन-चार दिवसांत निघतात, महिनाभर राहिले तर लॅकरला खातात. मग निघतात फक्त पॉलिशने, म्हणजे पुन्हा खात्यातून पैसे काढणं आलं. आणि ऐका, सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाडीवरही हे डाग पडतात. कोटिंगवर थेंब गोल उभा राहतो आणि तिथेच वाळतो. ‘कोटिंग केलं, आता धुवायची गरज नाही’ असं सांगणारा ग्राहकाला फसवतोय.

मग करायचं काय? बोअरच्या पाण्याने धुवा, पण शेवटचं पाणी चांगलं मारा. गावोगावी आरओचे जार प्लांट आहेत. पंप स्प्रेने दहा लिटर आरओ पाण्यात एक गाडी शेवटची धुऊन निघते. वीस लिटरच्या एका जारमध्ये दोन गाड्या! जार प्लांटवाला तुम्हाला म्हणेल, “आमचं वाया जाणारं पाणी न्या की, फुकट देतो.” ते पाणी गाडीला लावू नका. आरओ मशीन चांगलं पाणी वेगळं काढतं, म्हणजे त्या वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार आणखी वाढलेले असतात.

दुसरा मार्ग पावसाचा. पावसाच्या पाण्यात क्षार नावालाच असतात. तुमचं पत्र्याचं शेड १००० चौरस फुटांचं आहे, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. वर्षाला ६५० मिलिमीटर पाऊस धरला, तर त्या छतावर ६० हजार लिटर पाणी पडतं. गळती, उन्हाने उडणं, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडणं हे वजा करा, तरी पुष्कळ उरतं. त्यातली फक्त १० हजार लिटरची टाकी भरून ठेवली तरी, दिवसाला सात गाड्या, गाडीला दहा लिटर, महिन्याला २६ दिवस, म्हणजे १८२० लिटर. पाच महिन्यांहून जास्त पुरेल! ऑक्टोबरात भरलेली टाकी तुम्हाला मार्च दाखवेल.

हे इतकं का सांगतोय? कारण आपल्या जिल्ह्यात पाण्याशिवाय मोठमोठी कामं थांबलेली आहेत. २०१३ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. जिथे वीज केंद्र थांबतं, तिथे आपलं वॉशिंग सेंटर काय घेऊन बसलात? एप्रिल-मेमध्ये शेजारच्या गल्लीत बायाबापड्या टँकरची वाट बघत असतील आणि तुमच्या रॅम्पवरून पाण्याचा लोट रस्त्यावर वाहत असेल, तर गिऱ्हाईक सोडा, गाव तुमच्यावर नाराज होईल. आणि ते बरोबरच असेल.

म्हणून लिटर मोजा. साध्या नळीने गाडी धुताना दोन-अडीचशे लिटर सहज जातात. प्रेशर वॉशर मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर घेतो, दहा मिनिटांत ६० ते ८० लिटर. सगळं धरून १०० म्हणा. फक्त हलकी धूळ असलेल्या गाडीला ‘रिन्सलेस’ वॉश मिळतो. एका बादलीत विशिष्ट द्रावण, आधी स्प्रेने धूळ भिजवायची आणि मग मऊ मायक्रोफायबरने उचलायची. दहा-पंधरा लिटरमध्ये काम होतं. पण चिखलाच्या, राखेच्या गाडीवर हे करू नका, ओरखडे येतील. आणि साबणाचं पाणी गटारात सोडण्यापेक्षा गाळ बसायला एक टाकी आणि शोषखड्डा करून घ्या.

कामाचा क्रम पाठ करा

डिटेलिंगमध्ये कौशल्य आहेच, पण त्याहून जास्त क्रम आहे. क्रम चुकला की महागडं केमिकलही वाया.

एक, गाडी सावलीत आणा, पत्रा थंड होऊ द्या. दोन, आधी नुसतं पाणी, मग फेस, चार-पाच मिनिटं थांबा, पुन्हा पाणी. तीन, दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मिट दर वेळी साध्या पाण्यात धुऊन मगच शाम्पूत. वरून खाली यायचं, चाकांचं कापड वेगळं. शाम्पू गाडीचाच, पीएच न्यूट्रल. कपड्यांची पावडर वापरली की गाडीवर असलेलं वॅक्स निघून जातं. डिझेल मारून चमक आणायची सवय तर सोडाच, त्यावर अर्ध्या तासात धूळ चिकटते. चार, मऊ टॉवेलने लगेच कोरडी करा.

इथपर्यंत चांगला वॉश झाला. डिटेलिंग पुढे सुरू होतं. पाच, लोखंडाचे बारीक कण काढणारं केमिकल मारा, ते कणांवर जांभळं होतं आणि ग्राहकाला डोळ्यांनी दिसतं. सहा, क्ले बार फिरवा, पत्रा काचेसारखा गुळगुळीत लागला पाहिजे. सात, मीटरने जाडी मोजा, दिव्याखाली दोष बघा. आठ, गरज असेल तिथेच आणि सगळ्यात सौम्य पॅडने आधी एका कोपऱ्यात करून बघा. नव्या माणसाने ड्युअल ॲक्शन मशीनच वापरावं. रोटरी एका जागी फिरत राहते, कडेला क्षणात रंग जाळते. नऊ, पॉलिशचं तेल पुसून काढा. दहा, मगच संरक्षणाचा थर.

संरक्षणाचे प्रकार: जे आहे तेच सांगा

वॅक्स सगळ्यात जुनं. त्यातलं कार्नाबा हे ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. छान चमक, स्वस्त, पण आपल्या उन्हात आठवड्यांचा, फार तर दोन-तीन महिन्यांचा मामला. सीलंट कृत्रिम असतं, काही महिने टिकतं. सिरॅमिक कोटिंग लॅकरवर घट्ट बसणारा कठीण पातळ थर देतं. चांगली तयारी आणि चांगली निगा असेल तर वर्षानुवर्षं टिकतं, ऊन आणि रसायनांपासून वाचवतं, धुणं सोपं करतं. पण त्याची जाडी फारच कमी. दगडाची टिकली ते थांबवू शकत नाही. डब्यावर ‘९एच’ लिहिलेलं असतं, ते पेन्सिलीने ओरखडण्याच्या चाचणीतलं माप आहे. हिऱ्यासारखं कठीण असा त्याचा अर्थ लावून विकू नका.

दगडापासून वाचवणारी वस्तू एकच, पीपीएफ. पॉलियुरेथेनची साधारण १५० ते २०० मायक्रॉनची पारदर्शक फिल्म. तिची मुळं सापडतात व्हिएतनाम युद्धाच्या काळात, हेलिकॉप्टरची पाती वाळू-खड्यांपासून वाचवायला ३एम कंपनीने केलेल्या फिल्ममध्ये. पूर्ण गाडीला ती महाग पडते. पण महामार्गावर रोज पळणाऱ्या गाडीला फक्त बॉनेटचा पुढचा भाग, आरसे, दरवाज्याच्या हँडलखालची वाटी, डिकीची कड एवढीच फिल्म लावून द्या. ग्राहकाच्या खिशाला झेपते आणि उपयोग दिसतो. मात्र फिल्म कापायला शिकल्याशिवाय हात लावू नका. ब्लेड रंगावर फिरलं की नुकसान तुमचं.

कोटिंगसाठी बंद, धूळ नसलेली जागा लागते. रस्त्याकडेच्या उघड्या शेडमध्ये सिरॅमिक केलं तर धूळ आत कायमची बंद होईल. आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे काम सुरू करा, दुपारी तापलेल्या पत्र्यावर कोटिंग हातात यायच्या आधीच सुकतं. लावल्यावर निदान एक दिवस पाणी नाही, आणि आठवडाभर वॉश नाही, हे ग्राहकाला लिहून द्या.

आता पैशाचं बोलू

आकडे उदाहरणासाठी घेतोय, तुमच्या गावचे तुम्ही घाला. समजा जागेचं भाडं १० हजार, दोन मुलांचा पगार २४ हजार, वीज-पाणी ८ हजार, कर्जाचा हप्ता ८ हजार. आणि तुमचा स्वतःचा पगार १५ हजार. हो, तोही खर्चच आहे, विसरायचा नाही! एकूण ६५ हजार.

चांगल्या वॉशचे ५०० घेतले आणि शाम्पू, पाणी, कपडे यांचे १२० गेले, तर हातात ३८०. नुसत्या वॉशवर ६५ हजार उभे करायला महिन्याला १७२ गाड्या लागतात. २६ दिवस धरले तर दिवसाला जवळपास सात. रोज, न चुकता. पावसाळ्यातही.

आता त्यात महिन्याला फक्त चार डिटेलिंगची कामं घाला. कामाचे ६ हजार, साहित्य दीड हजार, उरले साडेचार. चार कामांचे १८ हजार. मग वॉशमधून उरलेले ४७ हजार आणायला १२४ गाड्या पुरतात, दिवसाला पाचच्या आत. म्हणजे आठवड्याला एक चांगलं काम तुमच्या डोक्यावरून रोजच्या दोन गाड्यांचं ओझं उतरवतं. म्हणून वॉश हा दरवाजा समजा. माणूस वॉशला येतो, तुमचं काम बघतो, आणि चौथ्या वेळी स्वतः विचारतो, “दादा, ते कोटिंग म्हणजे काय असतं?”

सुरुवात मोठी करू नका. पहिला टप्पा: प्रेशर वॉशर, व्हॅक्यूम, बादल्या, चांगले मायक्रोफायबर, टीडीएस मीटर. दुसरा: ड्युअल ॲक्शन मशीन, जाडीचं मीटर, चांगले दिवे. तिसरा: बंद खोली आणि कोटिंग. पीपीएफ सगळ्यात शेवटी. जगातल्या मोठ्या कार पॉलिश ब्रँडपैकी एक, मेग्वायर्स, १९०१ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात घरच्या गॅरेजमध्ये फर्निचर पॉलिश बनवता बनवता सुरू झाला. २००८ मध्ये ३एमने तो विकत घेतला. गॅरेज लहान असलं तरी चालतं, काम सारखं असावं लागतं.

ग्राहक कुठे आहे?

एमएच-२३ आणि एमएच-४४ नंबरच्या गाड्यांकडे नीट बघा. डॉक्टर, वकील, शिक्षक, मोंढ्यातले व्यापारी, कारखान्याचे अधिकारी. यांना वेळ नाही, पण गाडीची काळजी आहे. ट्रॅव्हल्सला गाडी लावणाऱ्यांना आतून साफ, वास नसलेली गाडी हवी, त्यांना महिन्याचा करार द्या. जुन्या गाड्यांचे व्यवहार करणारे तर तुमचे दुहेरी ग्राहक: विकायच्या गाडीचं डिटेलिंग, आणि घ्यायच्या गाडीचं मीटरने ‘कुठे पेंट झालंय’ ते तपासणं. हे तपासणं वेगळ्या फीचं काम आहे, त्यात पाणीही लागत नाही.

नवी गाडी घरी येते पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला, दसऱ्याला, दिवाळीला. संरक्षण द्यायची खरी वेळ तीच, कारण तेव्हा खात्यात पूर्ण शिल्लक असते. उलट बाजू हीदेखील बघा, की दुष्काळी वर्षात, पिकाला भाव नसलेल्या वर्षात लोक आधी असाच खर्च कमी करतात. त्यासाठी तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय दुसऱ्या टप्प्यावर जाऊ नका.

कर्ज आणि कागदपत्रं

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. कामगार थोडेच असतील तर दुकाने कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. सेवेच्या धंद्यात वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी.

मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. पहिल्या टप्प्याला एवढं पुरतं. पीएमईजीपीमध्ये सेवा उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा २० लाख ठेवली होती. सर्वसाधारण गटाला स्वतःचे १० टक्के, अनुदान शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी अशा विशेष गटांना स्वतःचे ५ टक्के आणि अनुदान २५ व ३५ टक्के. अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चालू नियम विचारून घ्या. आणि एक गोष्ट: हे अनुदान हातात मिळत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि मग खात्यात जुळतं. ‘अनुदान मिळतंय’ म्हणून कर्ज घेऊ नका. हप्ता धंद्यातून निघतोय का, ते वरच्या हिशोबाने बघा आणि मगच सही करा.

या आठवड्याचा गृहपाठ

तीन कामं करा. पहिलं, टीडीएस मीटर घ्या आणि तुमच्या भागातल्या पाच ठिकाणचं पाणी मोजा: बोअर, नळ, टँकर, विहीर, आरओ जार. आकडे वहीत लिहा. दुसरं, ओळखीच्या पाच गाड्या दुपारच्या उन्हात तिरक्या बघा. गोल रेघा, पाण्याचे डाग, टिकल्या, चट्टे, काय काय दिसतं ते लिहा. तिसरं, तुमच्या गावचं भाडं, पगार, वीज घालून दिवसाला किती गाड्या लागतील ते काढा.

तिन्ही पानं भरली की धंदा करायचा की नाही हे मला विचारायची गरज पडणार नाही, वहीच सांगेल. आणि करायचं ठरलं, तर तुमच्याकडे आलेल्या पहिल्या गाडीपासून प्रत्येक गाडीचं एक कार्ड बनवा: तारीख, जाडीचे आकडे, काय केलं, काय मुद्दाम केलं नाही. तीन वर्षांनी तीच गाडी परत येईल, तुम्ही कार्ड काढून दाखवाल की रंग तेवढाच शिल्लक आहे, आणि त्या दिवशी तो मालक दुसऱ्या कुणाकडे दर विचारायला जाणार नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!